तसा मी कुठल्याच पक्षाचा नाही

‘तसा मी कुठल्याच पक्षाचा नाही’ असं म्हणत जो माणूस खुर्ची पुढे ओढतो, त्याच्या तावडीतून तासभर तरी सुटका नाही. आमचे काका हे वाक्य म्हणताना चष्माही काढतात. चष्मा काढला की विषय राजकारणाचा, आणि काच सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले की विषय अध्यक्ष ट्रम्प.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मूळचे दादरचे, शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीतले. १९८४ साली न्यू जर्सीत आले, औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये जन्म काढला आणि रिटायर होऊन एडिसनमध्ये स्थिरावले. ते आले त्याच नोव्हेंबरात रेगननी पन्नासांपैकी एकोणपन्नास राज्यं खिशात घातली होती. समोरच्या मॉन्डेलना स्वतःचं मिनेसोटा आणि राजधानीचं शहर, एवढंच मिळालं. हे सांगताना काका हळवे होतात. ‘अरे, न्यू जर्सीसुद्धा रेगनना गेली होती! आणि आता? निम्मा देश निम्म्या देशाशी बोलत नाही.’ दोन्ही निम्म्यांशी बोलणारा माणूस या देशात आपण एकटेच उरलो आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. ते बोलतात हे खरं. दोन्ही निम्मे ऐकतात की नाही, हा वेगळा प्रश्न.

२०२० साली माझं ऑफिस घरून सुरू झालं आणि भाडं वाचवायला मी मावशीकडे मुक्कामाला आलो, म्हणून त्या वर्षीच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधीचे महिने मला काकांच्या शेजारच्या खुर्चीवरून बघायला मिळाले. जूनमध्ये अध्यक्षांनी एच-वन-बीचे नवे व्हिसे वर्षअखेरपर्यंत बंद केले. मी त्याच व्हिसावर. पासपोर्टवर नवा शिक्का मारून घ्यायला भारतात गेलो असतो तर परत येता आलं नसतं. काका म्हणाले, ‘पद्धत सोड, मुद्दा बघ. इथल्या लोकांच्या नोकऱ्या...’ आणि मग त्यांचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे गेलं. त्यांनी मुद्दा तिथेच ठेवला आणि चिवड्याचा डबा माझ्याकडे सरकवला. त्या घरातला खरा तटस्थ मीच होतो, कारण मला मतच नव्हतं.

‘पद्धत सोडा, मुद्दा बघा’ हे काकांचं हुकमी वाक्य. अध्यक्ष सकाळी काहीतरी ट्वीट करायचे आणि न्याहारीच्या पोह्यांबरोबर काका त्यातला मुद्दा शोधायला बसायचे. मुद्दा सापडला तर ‘ट्रम्पसाहेब’, नाही सापडला तर ‘तो माणूस’. मावशी स्वयंपाकघरातून नुसतं संबोधन ऐकून दिवस कसा जाणार ते ओळखायची. ‘तो माणूस’ कानावर आला की ती काही न बोलता चहात आलं वाढवायची.

तटस्थपणा राखण्यासाठी काकांनी घराची रचनाच तशी करून घेतली आहे. बेसमेंटमधल्या टीव्हीवर फॉक्स, वरच्या दिवाणखान्यात सीएनएन. रिमोटने चॅनल बदलणं त्यांना मान्य नाही. त्यात म्हणे एकाचं ऐकलेलं दुसऱ्यात मिसळतं. त्यामुळे खाली पंधरा मिनिटं, वर पंधरा मिनिटं. जिना चौदा पायऱ्यांचा, मध्ये एक वळण. काकांचं मत तयार होतं ते त्या वळणावर. कठड्याला धरून क्षणभर उभे राहतात, मान हलवतात, आणि वर येऊन सांगतात, ‘दोघंही अर्धंच सांगतात.’ त्यांच्या डॉक्टरना या सगळ्यातलं काहीच ठाऊक नाही. रक्तदाबाचे आकडे सुधारले एवढंच ते बघतात.

सकाळी पार्कात फिरायला जाणारा एक मराठी कट्टा होता. तळ्याभोवती दोन फेऱ्या, मग बाकावर बसून दादरपासून डेलावेअरपर्यंत सगळ्यांचा उद्धार. मे महिन्यात मास्कवरून पहिली ठिणगी पडली. जूनमध्ये वॉशिंग्टनला व्हाइट हाउससमोरचे निदर्शक हटवून अध्यक्ष चर्चसमोर बायबल हातात धरून उभे राहिले, तेव्हा कट्टा उभा फाटला. भांडण असं झालं नाही. एक गट तळ्याभोवती घड्याळाच्या दिशेने फिरायला लागला, दुसरा उलटा. त्यात गंमत अशी की विरुद्ध दिशांनी फिरणारी माणसं एका फेरीत दोनदा समोरासमोर येतात. दर भेटीला एक वाक्य टाकता येतं आणि उत्तर ऐकायला थांबावं लागत नाही. मला वाटतं, दोन्ही गटांना हेच हवं होतं. काका बिचारे पहिली फेरी यांच्याबरोबर मारायचे, दुसरी त्यांच्याबरोबर. दोघांनाही ते पलीकडचे वाटायचे. कुणी घरी बोलावलं की दुसऱ्याचं नाव काढलं जायचं नाही, आणि पुढे पुढे बोलावणीही कमी झाली. याबद्दल काका कधी काही बोलले नाहीत. फक्त घरी आल्यावर बूट काढायला त्यांना पूर्वीपेक्षा वेळ लागायचा.

त्यांच्यातला क्वालिटी कंट्रोलवाला मात्र कुठल्याच पक्षाला दाद देत नाही. अध्यक्ष हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं कौतुक करत होते आणि भारताने गोळ्या पाठवल्या, तेव्हा काकांची छाती फुगली होती. ‘आपला माल आहे!’ पण अध्यक्ष स्वतःच त्या गोळ्या घेतायत हे कळल्यावर त्यांनी चष्मा लावला, आणि हे वाईट लक्षण. ‘डेटा कुठाय? माल आपला असला म्हणून काय झालं, डेटा कुठाय?’ सप्टेंबरच्या सुरुवातीला नॉर्थ कॅरोलायनात अध्यक्षांनी सुचवलं की लोकांनी पोस्टाने मत पाठवावं आणि शिवाय केंद्रावरही जाऊन मत देऊन बघावं. त्या दिवशी काकांनी जेवण अर्धवट सोडलं. ‘डुप्लिकेट एन्ट्री! आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर अख्खी बॅच फेकून दिली असती.’ मावशीने हळूच विचारलं, ‘मुद्दा काय होता हो पण?’ काकांनी ताकाचा पेला उचलला.

त्या वर्षी अधिक आश्विन होता. महिना लागला १८ सप्टेंबरला, आणि त्याच दिवशी सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग वारल्या. धोंड्याचा महिना म्हणून मावशीने लेक-जावयाला बोलावलं. मागच्या अंगणात खुर्च्या सहा-सहा फुटांवर. मावशीने तेहतीस अनारसे मोजून चांदीच्या ताटात मांडले, वर दिवा ठेवला. जावई आमचा बायडनवाला, आणि कडक. त्याच्या फाटकाबाहेर तीन पाट्या. दिव्याची वात नीट लागते न लागते तोच त्याने विषय काढला. २०१६ साली न्यायमूर्ती स्कालिया फेब्रुवारीत गेले तेव्हा निवडणुकीचं वर्ष म्हणून ओबामांचा माणूस सिनेटने महिनोन्‌महिने लटकवून ठेवला, आणि आता मतदान तोंडावर आलंय तरी घाई? काकांच्या तोंडात अनारसा होता. अनारसा जरा वातड झाला होता म्हणा, किंवा प्रश्न वातड होता म्हणा, पण ते बराच वेळ चावत राहिले. शेवटी म्हणाले, ‘जावईबापू, नियम तेव्हाचा बरोबर असेल किंवा आत्ताचा. दोन्ही कसे बरोबर असतील?’ जावई खूश झाला. लगेच काकांनी पुढचं वाक्य जोडलं, ‘पण संधी मिळाली असती तर तुमच्या लोकांनी सोडली असती का?’ जावयाने दुसरा अनारसा घेतला नाही. मावशीने उरलेले डब्यात भरून लेकीच्या गाडीत ठेवले. गिन्सबर्गबाईंच्या जागी बॅरेटबाईंची नेमणूक २६ ऑक्टोबरला पक्की झाली, तोवर ते अनारसे संपले होते की नाही, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

गिन्सबर्ग गेल्यानंतरच्या त्याच आठवड्यात पत्रकारांनी अध्यक्षांना सरळ विचारलं: हरलात तर सत्ता शांतपणे सोडाल ना? अध्यक्ष म्हणाले, काय होतंय ते बघावं लागेल. काका वळणावर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. वर येऊन म्हणाले, ‘वाटाघाटीची पद्धत असते एकेकाची. बिल्डर माणूस आहे.’ मावशी भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘डोंबिवलीच्या ब्लॉकमधला आपला भाडेकरूपण हेच म्हणाला होता. करार संपला की बघू म्हणून. सात वर्षं बघत होतात तुम्ही.’ डोंबिवलीचा भाडेकरू ही त्या घरातली सगळ्यात दुखरी आठवण आहे. कोर्टाच्या तारखांसाठी काकांनी विमानाची किती तिकिटं काढली त्याची फाइल अजून कपाटात आहे. काका बेसमेंटमध्ये गेले आणि पंधरा मिनिटांनी वर आलेच नाहीत.

२९ सप्टेंबरच्या क्लीव्हलंडच्या डिबेटला आम्ही तिघं एकत्र बसलो. काकांनी वही-पेन घेतलं होतं. मधोमध रेघ मारून एकीकडे टी, एकीकडे बी. दहा मिनिटांनी वहीत एकही मुद्दा नव्हता, कारण एकाचंही वाक्य दुसऱ्याने पुरं होऊ दिलं नव्हतं. बायडन वैतागून ‘गप्प बसता का’ म्हणाले तेव्हा मावशीने टाळी वाजवली. प्राउड बॉईज नावाच्या टोळीबद्दल विचारल्यावर अध्यक्षांनी त्यांना मागे थांबा आणि तयार राहा असं सांगितलं, तेव्हा मावशी म्हणाली, ‘तयार कशाला?’ काका काहीच बोलले नाहीत. त्यांचा राग सूत्रसंचालकावर निघाला. ‘माइक बंद करायचं बटण का देत नाहीत याच्या हातात?’ पुढे नॅशव्हिलच्या डिबेटला खरंच माइक बंद ठेवायची सोय झाली. ही सूचना आपलीच होती असं काका अजून सांगतात.

आणि मग अध्यक्षांना कोविड झाला. २ ऑक्टोबर, शुक्रवार. त्या तीन दिवसांत काका पुन्हा कंपनीत गेल्यासारखे दिसत होते. रेजेनेरॉनच्या अँटिबॉडीचा डोस आठ ग्रॅम, मग रेमडेसिव्हिर, मग डेक्सामेथासोन. मोनोक्लोनल अँटिबॉडी कशी बनते, कोल्ड चेन कशी राखतात, स्टिरॉइड कधी द्यावं आणि कधी देऊ नये, हे सगळं त्यांनी मला कागदावर आकृत्या काढून समजावलं. एकदाही कुणाचा पक्ष मध्ये आला नाही. मावशीने देवापाशी अध्यक्षांसाठीही दिवा लावला. ‘असू दे. कुणाचा तरी नवरा आहे, बाप आहे.’ सोमवारी संध्याकाळी ते हॉस्पिटलमधून हेलिकॉप्टरने व्हाइट हाउसला परतले, जिना चढून बाल्कनीत आले आणि कॅमेऱ्यांसमोर मास्क काढून खिशात घातला. मावशी तेव्हा आमचे धुतलेले सुती मास्क इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी केली. मी काकांच्या तोंडाकडे बघत होतो, आता मुद्दा येणार म्हणून. तो आला नाही. त्यांनी टीव्ही बंद केला, कपाटातून कागद काढून त्या आठवड्यात काढलेल्या आकृत्या एकावर एक रचल्या आणि स्टेपल केल्या. तारीख घातली. त्यांच्या कंपनीत अपुऱ्या राहिलेल्या कामाची फाइल अशीच मिटायची.

काकांच्या तटस्थपणाची खरी परीक्षा पाहिली ती १५ ऑक्टोबरने. दुसरी डिबेट रद्द झाली होती. तिच्या बदल्यात दोघांच्या सभा ठरल्या, त्याही एकाच वेळी, रात्री आठला. ट्रम्प मायामीहून एनबीसीवर, बायडन फिलाडेल्फियाहून एबीसीवर. कुणीही शहाणा माणूस एक बघतो आणि दुसरी रेकॉर्ड करतो. काका म्हणाले, ‘रेकॉर्डिंग बघणं म्हणजे शिळं. एकाला ताजं आणि एकाला शिळं, हा पक्षपात झाला.’ खाली एनबीसी लावलं, वर एबीसी. पंधराऐवजी दहा मिनिटांची पाळी ठरवली. बायडननी दीड तास उत्तरं दिली. काकांनी जिने किती केले ते मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही, पण शेवटी शेवटी ते वळणावर बसायला लागले. तिथे दोन्हीकडचा आवाज येतो आणि एकाचंही वाक्य कळत नाही. मावशीने गुडघ्याला लावायचं तेल गरम करून तिथेच नेऊन दिलं. ‘बसा इथेच. हीच तुमची जागा.’

मतपत्रिका ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच पोस्टाने आल्या होत्या. कोविडमुळे न्यू जर्सीने त्या वर्षी सगळ्या मतदारांना घरपोच पाठवल्या. मावशीने आपली भाजीच्या हिशेबाबरोबर भरून टाकली. काकांचा विधी वेगळा. डायनिंग टेबल पुसून कोरडं केलं, वर जुनं वर्तमानपत्र अंथरलं, सूचना तीनदा वाचल्या, त्यातल्या दोन अधोरेखित केल्या. पेन कोऱ्या कागदावर चालवून बघितलं. मग मतपत्रिका उघडली आणि सवयीने हात वरच्या मोकळ्या जागेत ‘श्री’ लिहायला गेला. शाळेच्या पेपरापासून बँकेच्या फॉर्मपर्यंत एकही कागद त्यांनी ‘श्री’शिवाय सुरू केलेला नाही. मावशीने झडप घालून मनगट धरलं. ‘अहो! फालतू खूण झाली की मत बाद!’ काकांना घाम फुटला. पेन खाली ठेवून ते दोन मिनिटं नुसते बसले. मग ‘श्री’ हवेत लिहिला.

गांजा कायदेशीर करावा का, असाही एक प्रश्न त्या पत्रिकेवर होता. त्यावर त्यांनी सबंध दुपार घालवली. अध्यक्षपदाचा गोल हाताच्या आडोशाने भरला, वर्गात शेजारचा बघेल म्हणून लपवतात तसा. पाकीट मात्र बंद केलं नाही. ‘अजून एक डिबेट बाकी आहे.’ आम्ही म्हटलं, गोल तर भरलात. ते म्हणाले, ‘भरला म्हणजे पाठवला असं नाही.’ वास्तविक पाठवलं काय नि न पाठवलं काय, न्यू जर्सीच्या चौदा मतांचा निकाल लहान पोरालाही ठाऊक असतो. १९८८ नंतर हे राज्य रिपब्लिकनांकडे गेलेलं नाही. हे शल्य काकांना आहेच. नव्वदच्या दशकात नदीपलीकडे पेन्सिल्व्हेनियात एक घर बघितलं होतं, पण भाकरीचं पीठ मिळणारं दुकान लांब पडतं म्हणून मावशीने नको म्हटलं. २०१६ साली ट्रम्पनी पेन्सिल्व्हेनिया जेमतेम चव्वेचाळीस हजारांनी घेतली, तेव्हापासून दर चार वर्षांनी हे पीठ निघतं. ‘तिकडे मताला वजन आहे. इकडे आपण नुसतेच नागरिक.’

२२ ऑक्टोबरला नॅशव्हिलला अध्यक्ष हवामानाबद्दल बोलताना म्हणाले की चीन बघा, रशिया बघा, भारत बघा. घाण आहे, हवा घाण आहे. काका पटकन म्हणाले, ‘हवा म्हणाले, देश नाही म्हणाले.’ मावशीला एवढं पुरलं. ‘आणि फेब्रुवारीत मोटेराला भारताचे काय गोडवे गात होते?’ मोटेराचं नाव काढायला नको होतं. तिथल्या स्टेडियममधल्या त्या भाषणात अध्यक्षांनी सचिनला ‘सूचिन’ म्हटलं होतं. काका शिवाजी पार्कचे. व्हिसे, चर्च, मास्क सगळ्यात त्यांनी मुद्दा शोधला होता, सूचिनमध्ये त्यांना तो कधीच सापडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाकीट बंद केलं. आत काय होतं ते आजतागायत मावशीलाही माहीत नाही.

सही जुळली पाहिजे म्हणून मात्र त्यांनी आधी कागदावर सराव केला. त्यांची नोंदलेली सही नोकरीच्या काळातली, ठसठशीत. आता हात थोडा थरथरतो. पान भरून सह्या केल्या, त्यातली चांगली समोर ठेवून पाकिटावर सही केली. ड्रॉप बॉक्समध्ये टाकताना माझ्याकडून फोटो काढून घेतला, नुसत्या पाकिटाचा वेगळा. मग रोज सकाळ-संध्याकाळ राज्याच्या संकेतस्थळावर मत पोचलं का ते बघणं. ‘मिळालं’ असं दिसलं त्या दिवशी शिरा झाला.

म्हणून ३ नोव्हेंबरच्या रात्री त्यांचं जे बिनसलं ते माझ्या अंदाजापेक्षा वेगळ्याच कारणाने. आधी एक धक्का बसला तो खालून: ॲरिझोना बायडनना दिली ती फॉक्सने, सीएनएन तेव्हा थांबलेलं. काका खाली-वर गोंधळले. मग मध्यरात्र उलटून गेल्यावर अध्यक्ष कॅमेऱ्यासमोर आले आणि मोजणी चालू असताना आपण जिंकलो, हा लोकांशी केलेला फ्रॉड आहे, असं म्हणाले. मावशी झोपली होती. काका पायजम्यात उभे राहिले. ‘अरे, पेन्सिल्व्हेनियात पोस्टाची पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडायची परवानगीच नाही. आपल्या जर्सीत दहा दिवस आधीपासून होती. तिकडे उशीर होणारच! यात फ्रॉड कुठला?’ मी म्हटलं, ‘काका, मुद्दा बघा.’ त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चिवड्याचा डबा शोधायला लागलो. ‘मीसुद्धा पाकिटातूनच मत दिलंय. ती सही मी पान भरून गिरवलीय.’

पुढचे चार दिवस घरात पेन्सिल्व्हेनियाचे जिल्हे नांदले. लॅकवाना, लुझर्न, बक्स, एरी. पार्कातही दोन्ही गट चालायचे थांबून फोनमध्ये डोकं घालून उभे राहिले, त्यामुळे तळ्याकाठी कट्टा महिन्यांनंतर एका जागी दिसला. शनिवारी सकाळी अकराच्या पुढे सीएनएनने बायडन निवडून आल्याचं सांगितलं. काका खाली गेले. थोड्याच वेळात फॉक्सनेही तेच सांगितलं. ते वर आले, पुन्हा खाली गेले, पुन्हा वर आले. वळणावर या वेळी थांबले नाहीत. जावयाचा फोन आला. लेकीच्या मागे कुणीतरी ताट वाजवत होतं. काकांनी अभिनंदन केलं आणि दिवाळीला जेवायला बोलावलं, आणि जावईसुद्धा हो म्हणाला.

मावशीने फोन ठेवला आणि दोन्ही रिमोट उचलून फडताळातल्या बरणीमागे सरकवले. ‘झालं एकदाचं. आता चार वर्षं कुणी अध्यक्षाचं नाव काढायचं नाही या घरात.’

काकांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने काच पुसायला घेतली.

‘अध्यक्षाचं नाही काढणार. पण ५ जानेवारीला जॉर्जियात सिनेटच्या दोन जागांची फेरनिवडणूक आहे. त्यावर अख्खं सिनेट अवलंबून आहे, अगं. तसं मला दोघांशी काही देणं-घेणं नाही...’

आणि त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली.